आखाती रेल्वेचा उतारू कोण?

संयुक्त अरब अमिरातीच्या रेल्वेचा पहिला उतारू होता गंधक. अबू धाबीच्या दक्षिणेला, लिवाच्या वाळवंटात शाह नावाचं वायुक्षेत्र आहे. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड जवळपास पाव हिस्सा असतो. वायू विकायचा तर आधी त्यातलं गंधक बाजूला काढावं लागतं, आणि ते रोज हजारो टन निघतं. एवढा माल ट्रकांनी किनाऱ्यापर्यंत नेत बसलं तर त्या रस्त्यावर दुसरं काही चालायलाच नको. म्हणून शाह, हबशान आणि रुवैस बंदर असे २६४ किलोमीटर रूळ टाकले गेले. ११० वाघिणींची एक गाडी, एका खेपेला ११ हजार टनांपर्यंत गंधकाचे पिवळे दाणे. जानेवारी २०१६ मध्ये ही वाहतूक व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. पर्यटनाच्या जाहिरातीत ही गाडी कधी दिसायची नाही, पण एतिहाद रेल या अमिरातीच्या रेल्वे कंपनीचा सगळा डोलारा उभा आहे तो तिच्यावर.

आखातातल्या रेल्वेच्या बातम्या हल्ली रोज येतात आणि त्यात वेगाचे आकडे ठळक असतात. ताशी २०० किलोमीटर, ताशी ३५०, अमुक शहर ते तमुक शहर अर्ध्या तासात. या आकड्यांनी हुरळून जाण्याआधी मागच्या सव्वाशे वर्षांचा हिशोब पाहावा असं मला वाटतं. त्या हिशोबात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जी रेल्वे समोर पडलेलं ओझं उचलायला निघाली ती चालली. जी नकाशावर रेघ ओढून निघाली ती रखडली. आता तिथे प्रवासी गाड्यांची पाळी आली आहे आणि त्यांनी नेमकं कुणाला उचलायचं आहे, हे अजून कुणी नीट सांगत नाही.

सौदी अरेबियापासून सुरुवात करू. दम्माम ते रियाध रेल्वे ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली. ती बांधली अरामको या तेल कंपनीनं, राजे अब्दुलअझीझ यांच्या आग्रहाखातर. कंपनीच्या लोकांना रस्ता स्वस्त पडेल असं वाटत होतं, राजे मात्र रेल्वेवर अडून बसले. हौस म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. रियाधला समुद्र नाही. वाढत्या राजधानीला लागणारं सिमेंट, धान्य, यंत्रं सगळं दम्मामच्या धक्क्यावर उतरायचं आणि तिथून आत न्यावं लागायचं. ओझं समोर होतं. उतारूंसाठीची वेगळी, सरळ अशी ४४९ किलोमीटरची लाइन आली ती १९८५ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी.

उत्तर-दक्षिण रेल्वेचंही तेच. देशाच्या पार उत्तरेला, जलामीदला फॉस्फेटच्या खाणी आहेत आणि ते फॉस्फेट प्रक्रियेसाठी आखाताच्या किनाऱ्यावर रास अल-खैरला न्यायचं असतं. २०११ मध्ये मालगाड्या सुरू झाल्या, मागोमाग बॉक्साइटही आलं. रियाध ते कसीम प्रवासी गाडी २०१७ मध्ये धावली आणि २०२२ पर्यंत ती जॉर्डनच्या सीमेजवळच्या कुरय्यातपर्यंत पोचली. साडेबाराशे किलोमीटरचा हा पल्ला नुसत्या उतारूंच्या भरवशावर कुणी बांधला नसता. खनिजानं रुळांचा खर्च उचलला म्हणून उतारूंना गाडी मिळाली.

उलट उदाहरण हवं असेल तर हिजाझ रेल्वे आहे. दमास्कस ते मदिना, सुमारे १३०० किलोमीटर, १९०८ मध्ये पुरी झाली. उस्मानी सुलतान दुसरा अब्दुल हमीद यानं त्यासाठी जगभरच्या मुसलमानांकडून वर्गणी गोळा केली आणि हिंदुस्थानातूनही पैसे गेले. तिला ओझं नव्हतं असं म्हणता येत नाही, कारण हाजी होते. पण सुलतानाच्या मनात हाजींइतकंच सैन्यही होतं आणि हे अरब टोळ्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय उंटांवरून यात्रेकरू नेण्याचा त्यांचा धंदा बुडत होता. रूळ मक्केपर्यंत गेलेच नाहीत. पहिल्या महायुद्धातल्या अरब उठावात ते ठिकठिकाणी उखडले गेले, आणि युद्धानंतर त्या प्रदेशावर नव्या सीमा आल्या तेव्हा एका साम्राज्याची रेल्वे तीन-चार सत्तांत वाटली गेली. दक्षिणेकडचा भाग पुन्हा कधी धड चालला नाही. वाळूत रुतलेली तिची इंजिनं आता पर्यटक पाहायला जातात.

त्याच मदिनेला शंभर वर्षांनी पुन्हा गाडी आली. मक्का, जेद्दा, मदिना जोडणारी हरमैन एक्स्प्रेस सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. लांबी ४५० किलोमीटर, वेग ताशी ३००, गाड्या स्पेनच्या. उशीर, खर्च, वाळूचा त्रास, जेद्दाच्या स्टेशनला २०१९ मध्ये लागलेली मोठी आग, सगळं भोगून ती चालू आहे, कारण तिला रमजान आणि हज आहेत. २०२४ मध्ये भारतीय हज यात्रेकरूंनाही जेद्दा विमानतळावरून मक्केला याच गाडीनं नेण्याची सोय झाली. एकेकाळी मुंबईच्या धक्क्यावरून बोटीनं जेद्दाला जाणाऱ्या, आणि पुढे मिळेल त्या वाहनानं मक्का गाठणाऱ्या कोकणी आजोबांच्या नातवंडांना आता हा टप्पा तासाभराचा आहे.

पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती मक्केची मशाइर मेट्रो. मिना, मुजदलिफा आणि अराफात यांना जोडणारी ही १८ किलोमीटरची लाइन २०१० मध्ये सुरू झाली. ती वर्षातून जेमतेम आठवडाभर धावते आणि उरलेलं वर्ष बंद असते. कुठल्याही हिशेबनिसाला हा प्रकल्प दाखवा, तो कपाळावर हात मारून घेईल. बांधणाऱ्या चिनी कंपनीला तर त्यात चार अब्ज युआनहून जास्त खोट बसली. तरीही मी तिला यशस्वी म्हणेन. त्या आठवड्यात लाखो माणसांना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेत एका मैदानातून दुसऱ्या मैदानात जायचंच असतं, आणि हजारो बसगाड्या एकाच वेळी एकाच वाटेवर सोडल्या की काय होतं हे मक्केनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. उतारू कोण, कुठून कुठे, कधी, याचं इतकं स्वच्छ उत्तर जगात फार थोड्या रेल्वेंकडे असेल.

वाळूबद्दल जाता जाता. वाळवंटात रेल्वे म्हटलं की सगळे वाळूचं विचारतात, आणि ते खरंच आहे. वारा रात्रीत टेकडी हलवतो, खडीत वाळू शिरली की रुळाखालची लवचीकता जाते, उंटांसाठी कुंपण आणि भुयारी वाटा कराव्या लागतात. पण पाण्याचा फटका दुर्लक्षित राहतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये दम्मामजवळ पुरानं रुळाखालचा भराव वाहून नेला आणि रियाधहून येणारी गाडी घसरली. एप्रिल २०२४ च्या पावसात दुबई मेट्रोची काही स्टेशनं महिनाभर बंद राहिली. जिथे पाऊस पडत नाही असं धरून नाले आखले जातात, तिथे पाऊस पडला की असं होतं.

आता नकाशावरच्या रेघेकडे येऊ. कुवेतपासून मस्कतपर्यंत, सहाही आखाती देशांना जोडणारी सुमारे २१०० किलोमीटरची रेल्वे बांधायचं आखाती सहकार्य परिषदेनं डिसेंबर २००९ मध्ये ठरवलं. मुदत होती २०१८. मग २०२१ झाली, आता २०३० सांगतात. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, ओमाननं आपला भाग बाजूला ठेवला, अमिरातीनंही दुसऱ्या टप्प्याच्या निविदा २०१६ मध्ये थांबवल्या. पैशाची अडचण झाली हे खरं. पण २००९ ते २०१४ या काळात तिथे पैशाचा पूर होता आणि तरीही सीमेवर एकही रूळ पडला नाही, हे कसं समजावायचं?

त्याचं उत्तर सीमेवरच आहे. २००९ च्याच उन्हाळ्यात सौदीनं अमिरातीकडून येणाऱ्या चालकांची तपासणी कडक केली. दोन्ही देशांच्या सीमेवरच्या घुवैफातच्या नाक्यावर हजारो ट्रक अडकले, रांग कित्येक किलोमीटर गेली आणि भारतीय, पाकिस्तानी ड्रायव्हर जूनच्या उन्हात दिवसेंदिवस ट्रकच्या सावलीत बसून राहिले. त्यानंतर सहाच महिन्यांत या देशांच्या प्रमुखांनी एकत्र रेल्वेचा निर्णय घेतला! ट्रकला जी मोहर मिळत नव्हती ती मालगाडीला कशी मिळणार होती? पुढे जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली. कतारला जमिनीवरून बाहेर पडायला सलवाचा एकच नाका, तो जवळपास साडेतीन वर्षं बंद राहिला. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला इथे समेट झाला तेव्हा तो उघडला. त्या काळात सलवातून जाणारी रेल्वे तयार असती तर तिच्यावर वाळू साचली असती, दुसरं काही नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये रियाध आणि दोहा यांनी द्रुतगती रेल्वेचा करार केला. ७८५ किलोमीटर, दोन तासांत, सहा वर्षांत. भांडण मिटल्याची खूण म्हणून त्याचं स्वागत करावं. पण रूळ टाकले की मैत्री टिकते या समजुतीला माझ्या मते आधार नाही. मैत्री टिकली तर रूळ टिकतात, एवढंच इतिहास दाखवतो. या बाबतीत मला सोहार ते अबू धाबी ही हफीत रेल जास्त भरवशाची वाटते. सोहार हे ओमानचं, होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाहेरचं बंदर आहे, त्याच्याजवळ धातूचे कारखाने आहेत आणि पलीकडे अल ऐन, अबू धाबीचा बाजार आहे. म्हणजे माल आहे, आणि तो होर्मुझ टाळून नेण्याचं कारणही आहे. एतिहाद रेलनं फुजैरापर्यंत हजर पर्वतातून बोगदे काढले तेही याच कारणानं.

भारत, मध्यपूर्व, युरोप या आर्थिक मार्गिकेचंही असंच बघावं लागेल. ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या जी-२० परिषदेत ती जाहीर झाली, आणि महिना पुरा व्हायच्या आत गाझाचं युद्ध पेटलं. आपल्याकडे पालघरच्या वाढवण बंदराचं समर्थन करताना या मार्गिकेचा दाखला सरकारी कागदपत्रांत येतो, म्हणून हे आपल्याही दाराशी येतं. नकाशात अमिरातीपासून इस्रायलच्या हैफा बंदरापर्यंत एक सलग रेघ आहे. प्रत्यक्षात अमिरातीचे रूळ घुवैफातला संपतात, सौदीचं मालवाहतुकीचं जाळं तिथून बरंच आत आहे, आणि उत्तरेला जॉर्डनच्या सीमेपासून पुढे जोडणी नाही. वाढवणच्या मच्छीमारांना विस्थापनाचा हिशोब समजावताना तरी या न बांधलेल्या रुळांवरच्या मालाचे फायदे मोजू नयेत.

माल पुरे. माणसांकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे.

दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला, म्हणजे नऊ-नऊ-नऊला सुरू झाली. मुहूर्ताचा सोस आपल्याकडेच असतो असं नाही. पाण्याच्या भावात पेट्रोल, घरटी दोन-तीन गाड्या आणि पन्नास अंशांकडे झुकणारा उन्हाळा, अशा शहरात मेट्रोत बसणार कोण, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. २०२४ मध्ये त्या मेट्रोनं उतारूंच्या साडेसत्तावीस कोटी फेऱ्यांची नोंद केली. बसणारे कोण हे पाहायचं असेल तर कामाच्या दिवशी संध्याकाळी देइऱ्यातल्या, म्हणजे जुन्या दुबईतल्या युनियन स्टेशनवर उभं राहावं. लाल आणि हिरवी अशा दोन्ही लाइनी इथे मिळतात. सुपरमार्केटचा शर्ट तसाच अंगावर असलेली मुलं, हॉटेलात काम करणाऱ्या फिलिपिनो बायका, लॅपटॉपच्या पिशव्या पोटाशी धरलेले मल्याळी हिशेबनीस. मधूनच कुणी घरी फोनवर मराठीत सांगत असतं की पैसे टाकलेत, उद्या जमा होतील. बायकामुलांच्या डब्यापाशी जमिनीवर गुलाबी पट्टा आहे. गर्दीच्या रेट्यानं एखादा पुरुष त्याच्या पलीकडे ढकलला जातो आणि १०० दिरहॅमचा दंड आठवून पुन्हा अलीकडे घुसायला बघतो. शेजारच्या गोल्ड क्लासमध्ये दुप्पट भाडं देऊन बसलेले मोजके लोक असतात. मेट्रो चालते ती या रेटारेटीवर. पांढरा कंदुरा घातलेला स्थानिक माणूस इथे क्वचित दिसतो.

म्हणजे तिथला उतारू हा चाकरमानी आहे आणि तो परदेशी आहे. सौदीच्या २०२२ च्या जनगणनेत सव्वातीन कोटी लोकसंख्येपैकी ४१.६ टक्के परदेशी होते. अमिराती आणि कतारमध्ये तर नागरिकच अल्पसंख्य आहेत. दोहानं मेट्रोचं तिकीट दोन रियाल ठेवलं. रियाधनं १७६ किलोमीटरची, सहा लाइनींची, साडेबावीस अब्ज डॉलरची मेट्रो बांधून दोन तासांचं तिकीट चार रियाल ठेवलं. (रियाधच्या नारिंगी लाइनच्या बांधकामात मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोचा वाटा आहे.) पहिल्या नऊ महिन्यांत रियाधच्या मेट्रोत उतारूंच्या दहा कोटी फेऱ्या झाल्या. तिकीट स्वस्त ठेवलं आणि गाडी रोजच्या वाटेवर नेली की पेट्रोल कितीही स्वस्त असो, माणसं येतात.

मग एतिहाद रेलच्या प्रवासी गाडीबद्दल मला शंका का वाटते? स्टेशनांच्या जागांमुळे. पश्चिमेच्या सिलापासून पूर्वेच्या फुजैरापर्यंत अकरा ठिकाणं जोडायची, २०२६ मध्ये सुरुवात करायची आणि २०३० पर्यंत वर्षाला ३ कोटी ६५ लाख उतारू न्यायचे, असं जाहीर झालं आहे. दुबईचं स्टेशन जुमैरा गोल्फ इस्टेट्सला आहे. तिथे मेट्रो आहे हे चांगलं, पण देइऱ्यात राहणाऱ्याला शहर आडवं कापून तिथवर जावं लागेल. शारजाचं स्टेशन युनिव्हर्सिटी सिटीला आहे, रोल्ला आणि अल नहदाच्या दाट वस्तीपासून दूर. अबू धाबीचं मोहम्मद बिन झायद सिटीला, मुसफ्फाजवळ. मुसफ्फा ही कारखान्यांची आणि लेबर कॅम्पांची वस्ती, त्यामुळे हे ठिकाण कदाचित नकळत का होईना, योग्य पडलं आहे.

शारजाची गोष्ट तर अजब आहे. दुबईत भाडं परवडत नाही म्हणून लाखो माणसं शारजात राहतात आणि दुबईत कामाला येतात. अल इत्तिहाद रस्त्यावर त्यांचे सकाळ-संध्याकाळ तासच्या तास जातात. दुबई मेट्रोची हिरवी लाइन अल कुसैसला, शारजाच्या वेशीजवळ जाऊन थांबते. पुढे दुसरी अमिरात, दुसरा शासक, दुसरं परिवहन खातं. युनियनहून शारजाच्या जुबैल स्थानकाला जाणाऱ्या ई-३०३ बससाठी माणसं रांगेत ताटकळतात. देश एक, चलन एक, आणि रोजच्या सर्वांत मोठ्या गर्दीच्या वाटेवर रूळ नाहीत. त्याच देशानं जानेवारी २०२५ मध्ये अबू धाबी ते दुबई अर्ध्या तासात नेणारी, ताशी ३५० किलोमीटरची आणखी एक वेगळी रेल्वे जाहीर केली. ही दोन शहरं साधारण १३० ते १४० किलोमीटरवर आहेत. साधी गाडी हे अंतर ५७ मिनिटांत कापणार असल्याचं एतिहाद रेल स्वतःच सांगते. त्या सत्तावीस मिनिटांसाठी किती पैसे ओतायचे, आणि शारजाहून येणाऱ्या माणसाचे रोजचे दोन-तीन तास वाचवायला किती लागतील, हा हिशोब कुणीतरी शेजारी शेजारी मांडायला हवा.

यावर उत्तर येतं की द्रुतगती रेल्वे उद्योगपतींसाठी, गुंतवणूकदारांसाठी असते, ती देशाची प्रतिष्ठा असते, आणि मजुरांना कंपनीच्या बस असतातच. प्रतिष्ठेचं मला वावडं नाही. हरमैनही प्रतिष्ठेची आहे आणि तिच्या चालकपदांसाठी २०२२ मध्ये ३० जागा निघाल्या तेव्हा २८ हजार सौदी बायकांनी अर्ज केले, हे त्या समाजात रेल्वेनं काय हलवलं याचं चांगलं माप आहे. पण कंपनीची बस ही सोय म्हणून सांगू नये. दुबईतल्या सोनापूरसारख्या मजुरांच्या कॅम्पातून ती बस माणसाला कामावर नेते आणि परत आणून सोडते, मधे कुठे उतरू देत नाही. सुट्टीच्या दिवशी अबू धाबीतल्या भावाला भेटायला तो मजूर कसा जातो? आज तो २५ दिरहॅम देऊन आंतरशहर बसनं जातो किंवा जात नाही. हजार-बाराशे दिरहॅम पगारात महिन्यातून एकदा जाण्यायेण्याचे पन्नास दिरहॅम काढणंही त्याला जड असतं. चिपळूण-खेडच्या अनेक घरांत दोघे भाऊ आखातात असतात आणि त्यांची भेट गावी, गणपतीला किंवा ईदला, रजा जुळली तरच होते.

हे रूळ टाकले कुणी, तेही लक्षात असू द्यावं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायला बंदी आहे, कारण त्या वेळात माणूस उन्हानं कोसळू शकतो. उरलेल्या वेळात खडी, स्लीपर, रूळ याच माणसांच्या हातून गेले. त्यांना वर्षातून एकदा फुकट फिरवून आणायचा सोहळा करावा असं माझं म्हणणं नाही. त्यांना साधं गिऱ्हाईक समजावं. ३ कोटी ६५ लाख उतारूंचा आकडा गाठायचा तर संख्येनं जास्त असलेला हाच गिऱ्हाईक लागेल, त्याच्यावाचून डबे भरायचे नाहीत.

म्हणून वेगापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावं: सर्वांत खालच्या वर्गाचं अबू धाबी ते दुबई तिकीट बसच्या २५ दिरहॅमच्या किती जवळ येतं, शारजाच्या स्टेशनवरून रोल्लाला जाणारी बस दर किती मिनिटांनी सुटते, आणि सुट्टीच्या दिवशी शेवटची गाडी किती वाजता असते. रात्री दहाच्या आत कॅम्पात परतावं लागणाऱ्या माणसाला साडेआठची शेवटची गाडी चालेल. संध्याकाळी सहाला शेवटची गाडी सुटणार असेल तर तो बसनंच जाईल.